किनाऱ्याचे वाटाडे

समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फूट उंचीवर वसलेल्या या नगरीत बसून समुद्राविषयी लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा बंगळूरची जहागीर, शहाजीराजे आणि येथील जुनी मराठी घराणी हेच विषय प्रथम मनात आले. परंतु त्यांवर अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिलेले आहे. शिवाय आपल्या मंडळाच्या सभासदांची यादी चाळली, तर पुणे, सातारा, बेळगाव यांच्या जोडीला मालवण, वेंगुर्ले, कारवार, अंकोला अशी गावे मूळ ठिकाण म्हणून सांगणारी कुटुंबे काही कमी नाहीत. या कुटुंबांच्या मागील पिढ्या ज्या पाण्यावरून गेल्या-आल्या, त्या पाण्याच्या वाटेचा विचार येथे करावयाचा आहे.

निमित्त घडले ते नव्या पिढीचे. आमच्या ओळखीच्या घरांतील मुले-मुली शनिवार-रविवारची सुटी गाठून गोकर्णाला जातात आणि तेथे ‘कयाक’ नावाच्या चिंचोळ्या होडीत बसून, हाती दुपाती वल्हे घेऊन, कड्यांच्या कडेकडेने एका पुळणीवरून दुसरीवर जातात. बरोबर एक वाटाड्या असतो. तो पुढे, बाकीचे त्याच्या मागे. ही होडी मूळची आपल्याकडील नव्हे. ग्रीनलंड व उत्तर ध्रुवाजवळील प्रदेशांतील इन्युइट लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत आणि तिच्यातून शिकार करीत. युरोपीयांनी ती उचलली, तिचा खेळ केला, आणि आता नॉर्वे, अलास्का, चिली, न्यूझीलंड अशा प्रदेशांच्या निर्जन, खडकाळ किनाऱ्यांवर वाटाड्यांसह अनेक दिवसांच्या मोहिमा निघतात. मुले हे सारे मोठ्या उत्साहाने सांगतात, आणि आपल्याकडे हे नुकतेच सुरू झाले, अशी पुस्तीही जोडतात. होडीच्या बाबतीत ते खरे आहे. लहान होडीने, माहीतगाराच्या भरवशावर, खडकांतून किनारा उतरत जाण्याच्या बाबतीत मात्र ते खरे नाही.

प्रथम किनारा कसा आहे ते पाहू. नकाशावर कोकणचा किनारा एका सरळ रेषेसारखा दिसतो. प्रत्यक्षात जांभ्या दगडाचे सडे पश्चिमेकडे उतरत येऊन समुद्रात एकदम तुटतात. दर दहा-पंधरा मैलांवर एखादी खाडी आत शिरते. बाणकोटची सावित्री, दाभोळची वाशिष्ठी, जयगडची शास्त्री, विजयदुर्गची वाघोटण, देवबागची कर्ली, तेरेखोल, पुढे कारवारची काळी, गोकर्णाच्या उत्तरेस गंगावळी, दक्षिणेस अघनाशिनी, होनावरची शरावती. दोन खाड्यांच्या मध्ये कडे, कड्यांच्या पायाशी खडपे, आणि खडपांच्या पुढे कित्येक ठिकाणी पाण्याखाली दडलेले खडक. मालवणसमोर तर खडकांची जणू पेरणी झालेली आहे. वेंगुर्ल्यासमोरचे बेटांचे जाळे इंग्रजांच्या नकाशांत ‘बर्न्ट आयलंड्स’ म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे. पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ साली तिच्यावर लिहिले होते. आज तेथे दीपगृह आहे. दीपगृह दुरून जाणाऱ्या जहाजाला ‘इकडे येऊ नका’ एवढेच सांगते. ज्याला खडकांतूनच जावयाचे आहे, त्याला त्याचा उपयोग मर्यादित.

खडकांच्या जोडीला वारा आणि पाणी. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून हंगाम उघडे, आणि वैशाख-ज्येष्ठात आभाळ भरून येऊ लागले की होड्या वर ओढल्या जात. मधल्या महिन्यांत रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारी तो पडतो आणि वायव्येकडून समुद्राचा वारा सुरू होतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला हे दोन्ही वारे धार्जिणे. उत्तरेकडे येणाऱ्याला मात्र पहाटेच्या मतलईवर जेवढा पल्ला मारता येईल तेवढा मारून, दुपारच्या आत एखादी खाडी गाठून नांगर टाकावा लागे. म्हणजे कोणती खाडी किती अंतरावर आहे, तिच्या मुखाशी वाळूचा बांध कोठे साचला आहे, भरती किती चढल्यावर त्यावरून होडी निघेल, हे ठाऊक असल्याखेरीज परतीचा प्रवास अशक्य. त्यातही उधाणाची भरती वेगळी आणि भांगाची वेगळी. मुंबईकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढते, तर कारवारकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. एका बंदराचा हिशोब दुसऱ्या बंदरात चालत नाही.

या परिस्थितीने ज्या होड्या घडविल्या त्याही पाहण्यासारख्या आहेत. दक्षिण कोकण व कारवारकडील होडीचा तळ एका झाडाच्या खोडात कोरलेला, त्यावर चढविलेल्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवलेल्या, आणि एका बाजूला दोन आडव्या दांड्यांच्या टोकाशी बांधलेला हलक्या लाकडाचा ओंडका. या ओंडक्याला उलांडी म्हणतात. लाटेच्या माऱ्यात खिळा उपटतो, शिवण मात्र किंचित ढिली होऊन धक्का पचविते. उलांडी होडीला कलंडू देत नाही. ध्रुवाजवळच्या माणसाने कातडे शिवले, आपल्याकडील माणसाने लाकूड शिवले. दोघांनाही ताठ होडी नको होती.

आता या वाटेवरील सर्वांत प्रसिद्ध मोहिमेकडे वळतो. ती वाट मालवणहून निघून आपल्या कर्नाटकातच येऊन पोहोचते, म्हणून येथील वाचकांना तिचे अगत्य अधिक असावे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या कामाचा प्रारंभ झाला. किनाऱ्यावरील मोरयाचा धोंडा म्हणून जो खडक आजही दाखवितात, तेथे त्या वेळी पूजन झाल्याची परंपरा आहे. पुढे दोन-अडीच महिन्यांतच, फेब्रुवारी १६६५ मध्ये, शिवाजी महाराज याच मालवणहून आरमार घेऊन दक्षिणेकडे निघाले. कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांनी आपल्या पत्रात दिलेली संख्या ८५ लहान गलबते आणि ३ मोठी जहाजे अशी आहे. पोर्तुगीजांच्या गोव्यावरून पुढे जाऊन हे आरमार बसरूरला पोहोचले. बसरूर हे बिदनूरच्या नायकांच्या राज्यातील श्रीमंत बंदर; आजच्या कुंदापूरजवळ, खाडीच्या आत. मालवणपासून हे अंतर समुद्रमार्गे सुमारे ३०० किलोमीटर भरते. बसरूर लुटून परत येताना महाराज गोकर्णास उतरले व तेथे त्यांनी तीर्थस्नान केले. त्यानंतर त्यांनी बहुतेक सर्व आरमार परत पाठविले. फक्त १२ गलबते, वाटेतील नद्या उतरण्यासाठी, जवळ ठेवली, आणि सुमारे ४,००० पायदळासह जमिनीवरून अंकोला व तेथून कारवार गाठले.

या बारा गलबतांवर वाचकाने क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे. इतिहासाची पुस्तके बसरूरच्या लुटीचे वर्णन करतात आणि पुढे लगेच मिर्झाराजे जयसिंग व पुरंदरचा वेढा यांकडे जातात. परंतु त्या किनाऱ्यावर जमिनीवरून चालणे म्हणजे काय, याची कल्पना या एका तपशिलावरून येते. रस्ता समुद्राच्या कडेने जातो आणि दर काही कोसांवर खाडी आडवी येते. फौज चालते, होड्या समांतर समुद्रातून पुढे जातात, खाडीच्या मुखातून आत शिरतात, माणसे पैलतीरी नेतात, पुन्हा बाहेर पडतात. खाडीचे मुख प्रत्येक वेळी नवे, बांध नवा. हे काम करणारे तांडेल कोण होते? मालवणचे गाबीत, भंडारी, की त्या त्या खाडीवरचे स्थानिक खारवी? दप्तरात त्यांची नावे नाहीत.

ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या मोहिमेविषयी नापसंतीचा सूर लावला आहे. महाराजांनी स्वतः भाग घेतलेली ही एकमेव सागरी मोहीम. तीत वादळाने आरमार दक्षिणेकडे लोटले गेले, वायव्येच्या वाऱ्याने परतणे बरेच दिवस लांबले, आणि एकंदरीत ती असमाधानकारक ठरली, असा त्याचा अभिप्राय आहे. डफ हा पायदळातला लष्करी अधिकारी होता. त्याला विलंब म्हणजे अपयश वाटले. माघ-फाल्गुनात या किनाऱ्यावर वायव्येचा वारा अडविणारच, हे मालवणच्या कोणत्याही तांडेलाने त्याला सांगितले असते. गोकर्णाहून मोठे आरमार मोकळे करून फौज पायी नेण्याचा निर्णय मला तरी तीर्थयात्रेच्या भावनेबरोबरच वाऱ्याच्या ज्ञानातूनही घेतलेला दिसतो. अर्थात हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

पुरावा हवा असेल तर तो खांदेरीच्या प्रकरणात मिळतो, आणि तोही शत्रूच्या कागदांतून. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारी याने मुंबईच्या दक्षिणेस असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईकर इंग्रजांना हे सहन होणे शक्य नव्हते. त्यांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. सप्टेंबरात बेटावर उतरण्याचा त्यांचा प्रयत्न फसला व एक अधिकारी मारला गेला. ऑक्टोबरात दौलतखानाच्या आरमाराशी मोठी लढाई झाली. ‘रिव्हेंज’ या इंग्रज जहाजाने आपली बाजू लढविली, पण ‘डव्ह’ हे त्यांचे गुराब मराठ्यांच्या हाती पडले. तथापि लढाईपेक्षा इंग्रज अधिक त्रासले ते रात्रीच्या वाहतुकीने. थळच्या किनाऱ्यावरून लहान होड्या अंधारात निघत, उथळ पाण्यातून व खडकांतून वाट काढीत बेटाला धान्य व सामान पोहोचवीत, आणि उजाडण्यापूर्वी परत येत. इंग्रजांची जहाजे खोल बुडाची. ती मागे लागली की होड्या अशा पाण्यात शिरत की तेथे जहाजाचा तळ टेकावा. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी नाकेबंदी उठविली आणि खांदेरी स्वराज्यात राहिली. मायनाक आणि दौलतखान यांची नावे आपण घेतो, ते योग्यच आहे. पण अमावास्येच्या रात्री, दिवा न लावता, नुसत्या लाटेच्या आवाजावरून खडक ओळखून जो होडी नेत असे, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही.

एक नाव मात्र राहिले आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी मुरूडसमोर पद्मदुर्ग उभारला गेला, त्यानंतरची ही हकिगत. मोरोपंतांनी जंजिऱ्यावर रात्रीच्या छाप्याचा बेत केला. लाय पाटील नावाच्या कोळ्याने होड्यांतून आपली माणसे नेऊन, सिद्दीच्या पहाऱ्याखाली, जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. मागून यावयाची कुमक वेळेवर आली नाही. पहाट होऊ लागली तेव्हा पाटलाला शिड्या काढून परतावे लागले. मोहीम फसली, तरी महाराजांनी पाटलाचे धाडस ओळखून त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर वावरणाऱ्याला पालखीचा काय उपयोग, म्हणून त्याने तो नाकारला. तेव्हा त्याला एक गलबत बांधून देण्यात आले व त्याचे नावच ‘पालखी’ ठेवले, असे सांगतात. जंजिरा पुढेही अजिंक्यच राहिला. त्या बेटाभोवतीचे पाणी आणि ओहोटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अंधारात तटाच्या पायथ्याशी होडी स्थिर धरून शिडी लावणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

आंग्र्यांच्या काळाविषयी येथे विस्तार करीत नाही. कान्होजींवर स्वतंत्र ग्रंथ आहेत. एवढेच नोंदवितो की, इंग्रज इतिहासकार ऑर्म याने वर्णिलेले आंग्र्यांचे गलबत ४०-५० वल्ह्यांचे होते व वारा पडला असता ताशी चार मैल जाऊ शके. निवांत पाण्यात मोठ्या गुराबांना दोरखंडाने ओढून जागेवर आणण्याचे कामही हीच गलबते करीत. वल्ह्याचा मान या किनाऱ्यावर शिडाहून कमी नव्हता.

पेशवाईच्या अखेरीनंतर किनारा इंग्रजांकडे गेला आणि मोजणी सुरू झाली. हॉर्सबर्ग याचे नौकानयनाचे मार्गदर्शक १८०९ पासूनच प्रसिद्ध होऊ लागले होते. पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये, १८८० सालच्या रत्नागिरी-सावंतवाडी खंडात, एकेका बंदराची माहिती आली. मालवणच्या खडकाळ बंदराचे वर्णनही त्यात आहे. माझ्यासारख्या सरकारी नोकराला दप्तराची थोरवी सांगण्याची गरज नाही. जे नोंदले गेले नाही, ते घडलेच नाही, असे मानण्याची आमची सवय. पण या नोंदी मोठ्या जहाजांसाठी होत्या. खोल पाणी कोठून कोठवर आहे, नांगर कोठे टाकावा, हे त्यांत आले. खडक आणि किनारा यांच्या मधून जाणारी आतली वाट, जी फक्त दोन हात पाणी लागणाऱ्या होडीची, ती कोणी लिहून घेतली नाही. ती तांडेलाच्या डोक्यातच राहिली.

ही वाट सांगण्याची पद्धतही लेखणीची नव्हती. जमिनीवरच्या दोन खुणा एका ओळीत आणावयाच्या: किल्ल्याचा अमुक बुरूज आणि त्यामागच्या डोंगरावरचे वडाचे झाड, किंवा देवळाचा कळस आणि दरडीतला पांढरा पट्टा. त्या एका रेषेत आल्या की वळावयाचे. मुलगा बापाबरोबर होडीत बसे आणि पाच-सात हंगामांत त्याला या खुणा पाठ होत. झाड पडले, देवळाला नवा रंग लागला, की खूण बदले, आणि ती बदलल्याचे फक्त होडीतल्या माणसांना कळे.

कारवारविषयी एक सुखद आठवण साहित्याच्या इतिहासात आहे. उत्तर कानडा जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता. १८८३ मध्ये तरुण रवींद्रनाथ ठाकूर तेथे न्यायाधीश असलेल्या आपल्या थोरल्या बंधूंकडे, सत्येंद्रनाथांकडे, राहिले होते. एका चांदण्या रात्री मंडळी लहान होडीने काळी नदीतून वर गेली आणि ओहोटीबरोबर परत निघाली. ‘जीवनस्मृती’त कवीने या सहलीचे वर्णन केले आहे. मुखाशी पोहोचण्यास इतका उशीर झाला की समुद्रातून परत न जाता ते तेथेच उतरले आणि वाळूवरून चालत घरी आले. वाचकांना त्या वर्णनात चांदणे दिसते. मला मात्र तेथे होडीवाल्याची आठवण होते. अपरात्री, ओहोटीच्या वेळी, काळीच्या मुखावरून न्यायाधीशसाहेबांच्या मंडळींना समुद्रात न्यावे की नाही, याविषयी त्याचेही काही मत असले पाहिजे.

आगबोटी आल्या तरी लहान होडीचे महत्त्व संपले नाही. मालवण-वेंगुर्ल्याला आगबोट दूर उभी राही; उतारू पडावात उतरत आणि पडाव त्यांना किनाऱ्याजवळ आणी. माझी आजी वेंगुर्ल्याकडची. आगबोटीपेक्षा पडावाची भीती अधिक, आणि भरवसाही पडाववाल्यावरच अधिक, असे ती म्हणे. या दोन गोष्टींत तिला विसंगती वाटत नसे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. जे थोडे वाचले, त्यांतील कित्येकांना मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले होते.

त्याच शतकातील आणखी एका प्रवाशाचा उल्लेख करतो. तो खऱ्या अर्थाने कयाकवाला होता. ओस्कर श्पेक नावाचा जर्मन तरुण, बेकारीला कंटाळून, १९३२ साली उल्म गावी डॅन्यूब नदीत एक घडीची कयाक घेऊन उतरला. भूमध्य समुद्र, इराणचे आखात, कराची असे करीत तो आपला पश्चिम किनारा उतरला आणि १९३५ मध्ये सिंहलद्वीपास पोहोचला. सप्टेंबर १९३९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतील बेटावर उतरला, तेव्हा महायुद्ध सुरू झाले होते. त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटक झाली. मुंबईपासून खाली येताना आपल्या सर्व खाड्या, कडे आणि खडक त्याच्या त्या कापडी होडीखालून गेले. जगाच्या कयाकच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. त्याच पाण्यात रोज पहाटे वल्ही मारणाऱ्यांना त्या इतिहासात स्थान नाही.

१९६० नंतर यांत्रिक नौका वाढल्या. यंत्राला मतलईची वाट पाहावी लागत नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि खाड्यांवर पूल झाले. मुंबईहून कारवार गाठणाऱ्याला आता समुद्र फक्त खिडकीतून अधूनमधून दिसतो. उपग्रहांवरून स्थान सांगणारी यंत्रे आज लहान मच्छीमारांकडेही असतात, आणि ती उपयुक्त आहेत, यात शंका नाही. परंतु ज्या खुणा पाच-सात हंगामांत पाठ होत, त्या पाठ करण्यासाठी आता कोणी मुलगा होडीत बसत नाही. देवबाग, मालवण, गोकर्ण येथे पर्यटकांना नेणाऱ्या होड्यांवर स्थानिक तरुण आहेत. त्यांतील ज्यांचे वडील अथवा आजोबा तांडेल होते, त्यांच्याकडे हे ज्ञान थोडेफार शिल्लक असणार. ते विचारून, लिहून, ध्वनिमुद्रित करून ठेवणे अजून शक्य आहे. आपल्या मंडळातील मालवण-कारवारच्या कुटुंबांपैकी ज्यांच्या गावी असे वृद्ध आहेत, त्यांनी येत्या मे महिन्याच्या सुटीत एक वही बरोबर न्यावी. इतिहास संशोधन मंडळांना ही वही नक्कीच हवी असेल.

महाराजांची फौज ज्या काळी नदीच्या मुखाशी १६६५ च्या फेब्रुवारीत येऊन थांबली होती, त्या नदीवर कारवार व सदाशिवगड यांना जोडणारा पूल १९८३ च्या सुमारास झाला आणि जुनी तर बंद पडली. ७ ऑगस्ट २०२४ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, ऐन पावसाळ्यात, हा जुना पूल कोसळला. त्याच वेळी पुलावरून जाणारा एक ट्रक नदीत पडला. चालक ट्रकच्या टपावर चढून बसला होता. पोलीस व स्थानिक मच्छीमार यांनी अंधारात होडी घालून त्याला बाहेर काढले.